ड्रेटन हॉल: रिकामं ठेवलेल्या घराचं प्रकरण

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्स्टन शहराच्या वायव्येला, ॲशली नदीच्या काठावर ड्रेटन हॉल नावाची विटांची हवेली आहे. १९७४ साली ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ या संस्थेने ती ड्रेटन कुटुंबाकडून विकत घेतली. तेव्हा घरात वीज नव्हती, नळ नव्हते, आणि सव्वादोनशे वर्षांत ते एकाच घराण्याच्या सात पिढ्यांकडे राहिलेलं होतं. भिंतींवर जुने रंग तसेच होते. घर बांधणाऱ्याने कल्पिलेली काही अंगं पडून गेली होती आणि नातवा-पणतवांनी लावलेली काही नवी ठिगळं जागेवर होती.

संस्थेपुढचा प्रश्न सोपा दिसत होता, पण नव्हता. या घराचं करायचं काय? त्या काळात अमेरिकेत वसाहतकालीन वास्तू हाताळण्याची रूढ पद्धत ठरलेली होती. एक वर्ष निवडायचं, त्यानंतरचं सगळं काढून टाकायचं, जे हरवलं असेल ते नव्याने घडवायचं आणि खोल्या त्या काळच्या सामानाने सजवायच्या. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग गावाचं १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून असंच झालं. उद्योगपती रॉकफेलर यांच्या पैशातून तिथली शेकडो नंतरची बांधकामं पाडली गेली आणि जळून गेलेला गव्हर्नरचा राजवाडा पायापासून पुन्हा उभा राहिला. लोकांना ते आवडलं. त्या यशाच्या छायेतच ड्रेटन हॉलचा निर्णय व्हायचा होता.

निर्णय उलटा झाला. घर जसं हाती आलं तसंच ठेवायचं. पाडायचं नाही, परत बांधायचं नाही, सामान मांडायचं नाही, वीज आणायची नाही. मला हा निर्णय वसाहतकालीन अमेरिकी वास्तूंच्या बाबतीत घेतलेल्या सगळ्यांत शहाण्या निर्णयांपैकी एक वाटतो. तो का, आणि त्याची मर्यादा कुठे, हे या लेखात मांडायचं आहे.

जमीन, भात आणि माणसं

ड्रेटन घराणं कॅरोलायनात आलं ते बार्बाडोस बेटावरून, १६७०च्या दशकात. वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांवर गुलामगिरीची जी व्यवस्था पक्की झाली होती, तीच सोबत घेऊन आलेल्या कुटुंबांपैकी हे एक. जॉन ड्रेटनचा जन्म १७१५चा, शेजारच्याच ‘मॅग्नोलिया’ इस्टेटीवर. तो तिसरा मुलगा, त्यामुळे वडिलांचं घर आपल्याला मिळणार नाही हे त्याला कळत होतं. १७३८ साली त्याने लगतची जमीन घेतली.

ही जमीन म्हणजे त्याच्या व्यवसायाचं मुख्य शेत नव्हतं, आणि घराचा आराखडा समजून घ्यायचा तर हे आधी लक्षात घ्यावं लागतं. ड्रेटनचे मळे दूरदूर पसरलेले होते. तिथे भात आणि नीळ पिकायची, गुरं आणि डुकरं पोसली जायची. भात आणि नीळ युरोपला जायची, मांस कॅरिबियन बेटांकडे. ॲशलीकाठचं घर हे त्या सगळ्या पसाऱ्याचं केंद्र होतं. हिशेब तिथे, पाहुणे तिथे, राजकारण तिथे. नदी हाच त्या काळचा हमरस्ता असल्याने घराचं एक तोंड जमिनीच्या रस्त्याकडे आणि दुसरं पाण्याकडे आहे.

भाताचं पीक दलदलीत उभं राहायचं. बांध घालणं, पाटाचं पाणी राखणं, चिखलात लावणी, मग कांडण. आपल्याकडे कोकणात भातशेती पाहिलेल्या कुणालाही या कामाचा जीवघेणेपणा सांगावा लागत नाही. तिकडे हे काम पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांकडून करून घेतलं जात होतं. त्यांतली बरीचशी भात पिकवणाऱ्या प्रदेशांतली होती. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकातच साउथ कॅरोलायनात कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झाली होती. जॉनने जमीन घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १७३९मध्ये, जवळच्या स्टोनो नदीच्या परिसरात गुलामांनी सशस्त्र उठाव केला. तो चिरडला गेला. १७४०च्या कायद्याने गुलाम माणसांना एकत्र जमण्याची, लिहायला शिकण्याची, स्वतःसाठी पिकवण्याची मुभा काढून घेतली. या घराची सुबक प्रमाणबद्धता त्याच वर्षांत आखली जात होती.

निळीचा एक धागा थेट हिंदुस्थानापर्यंत येतो. १७४८ साली ब्रिटिश संसदेने वसाहतीतल्या निळीला अनुदान जाहीर केलं आणि कॅरोलायनातले मळेवाले तिच्यामागे लागले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर ते अनुदान आणि ती बाजारपेठ दोन्ही गेली, आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांनी निळीसाठी बंगालकडे मोर्चा वळवला. तिथल्या रयतेच्या वाट्याला पुढे जे आलं ते सर्वश्रुत आहे.

घर वाचताना

आता वास्तूकडे. उंच जोत्यासारखं तळघर, त्यावर दोन मजले, वर उतरतं छप्पर. भिंती विटांच्या, आणि विटांची रचना अशी की प्रत्येक थरात एक वीट लांब बाजू दाखवते, पुढची डोकं. या पद्धतीला फ्लेमिश बाँड म्हणतात. खिडक्यांवरच्या विटा घासून नेमक्या आकारात बसवलेल्या आहेत.

नजर खिळते ती रस्त्याकडच्या दुमजली पोर्टिकोवर, म्हणजे खांबांच्या ओसरीवर. खाली चार खांब, वर चार खांब, माथ्यावर त्रिकोणी पेडिमेंट. खालचे खांब डोरिक घाटाचे, वरचे आयोनिक. म्हणजे जड घाट खाली, हलका वर, ही रोमन काळापासूनची शिस्त. खांबांचा दगड इंग्लंडहून जहाजाने आलेला पोर्टलंड चुनखडी. ही ओसरी भिंतीच्या पुढे अर्धी आलेली आणि अर्धी घराच्या पोटात शिरलेली आहे. उन्हाळ्यातल्या दमट चार्ल्स्टनमध्ये सावली आणि वारा दोन्ही देणारी ही युक्ती अमेरिकेत त्या काळी नवी होती.

कल्पना मात्र इटलीची. सोळाव्या शतकातला वास्तुकार आंद्रेआ पॅलाडिओ याने व्हेनिसच्या परिसरातल्या जमीनदारांसाठी जी घरं बांधली, त्यांतल्या पिओम्बिनो देझे इथल्या ‘व्हिला कोर्नारो’ला अशीच दुमजली खांबओसरी आहे. पॅलाडिओची पुस्तकं अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये नव्याने छापली गेली आणि तिथल्या श्रीमंतांनी ती उचलून धरली. वसाहतीत कुणी नावाजलेला वास्तुकार नव्हता. ड्रेटन हॉलच्या आराखड्यावर कुणाचं नाव सापडत नाही. पण पुस्तक हाताशी होतं याचा पुरावा घरातच आहे: पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात शेकोटीच्या वरची नक्षीदार चौकट इंग्रज वास्तुकार विल्यम केंटने १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या, सतराव्या शतकातल्या इनिगो जोन्स या इंग्रज वास्तुकाराच्या आराखड्यांवर बेतलेली आहे. लंडनमध्ये छापलेलं चित्र, आणि ते लाकडात उतरवणारा सुतार इथला.

पॅलाडिओच्या घरांविषयी बोलताना एक गोष्ट अनेकदा बाजूला राहते. ते देवळासारखे दिसणारे महाल मुळात शेतीचे वाडे होते. मधे मालकाचं घर आणि दोन्ही हातांना पसरलेली कोठारं, गोठे, कामाच्या जागा. म्हणजे मालकी आणि श्रम एकाच रेषेत, पण दर्जा वेगळा. ॲशलीकाठी हा आराखडा आला तो याच अर्थासकट आला. मुख्य घराच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र इमारती होत्या. एकीत स्वयंपाकघर, दुसरीत धुण्याची जागा. तिथे राबणारे हात गुलाम माणसांचे. इटलीत कोठारांचं जे स्थान होतं, ते इथे गुलामांच्या कामाच्या जागांना मिळालं. या घराला नुसतं ‘सुंदर’ म्हणून पुढे जाता येत नाही ते यासाठी.

आत शिरलं की थेट मोठं दालन, त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या. मागे नदीच्या बाजूला जिन्याचं दालन. तिथून समोरासमोरचे दोन जिने वर चढतात, कठडे महोगनीचे. भिंतींना बाल्ड सायप्रसच्या लाकडी फळ्यांचं आच्छादन आहे. हे झाड इथल्याच दलदलीत वाढतं आणि त्याला सहसा कीड लागत नाही, त्यामुळे दमट हवेत इतकी वर्षं टिकलं. छतांच्या गिलाव्यावर हाताने केलेली नक्षी आहे. पण मोठ्या दालनातलं छत मूळचं नाही, नंतरचं आहे. तेही तसंच ठेवलेलं आहे.

काय काय होऊन गेलं

जॉन ड्रेटनला या घराचं वैभव शेवटपर्यंत लाभलं नाही. १७७९मध्ये ब्रिटिश फौजांपासून पळून जात असताना कूपर नदीवरच्या स्ट्रॉबेरी फेरी इथे तो वारला. त्याच वर्षी त्याचा मोठा मुलगा विल्यम हेन्री, बंडखोर वसाहतींच्या ‘काँटिनेंटल काँग्रेस’ या प्रतिनिधीसभेचा सदस्य, फिलाडेल्फियात वारला. मार्च १७८०मध्ये ब्रिटिश सेनापती सर हेन्री क्लिंटनच्या सैन्याने चार्ल्स्टनला वेढा घालण्यासाठी ॲशली नदी ओलांडली ती ड्रेटन हॉलच्याच धक्क्यावरून.

१७८४ साली दुसरा मुलगा चार्ल्स याने सावत्र आईकडून इस्टेट विकत घेतली. एडिंबरोत वैद्यकी शिकलेला हा माणूस झाडापेडांचा नादिष्ट होता, आणि मरेपर्यंत, म्हणजे १८२०पर्यंत, त्याने रोजनिशी लिहिली. कुठली भिंत दुरुस्त केली, कुठलं झाड लावलं, कोणत्या गुलामाला कोणत्या कामाला लावलं, हे त्या पानांत आहे. त्यानेही घरात हात घातला, काही शेकोट्यांच्या चौकटी आपल्या काळाच्या नाजूक नवअभिजात शैलीत बदलल्या.

यादवी युद्धाच्या शेवटी, फेब्रुवारी १८६५मध्ये, ॲशलीकाठच्या हवेल्या जळाल्या. मॅग्नोलिया जळालं, मिडलटन प्लेसचं मुख्य घर जळालं. ड्रेटन हॉल वाचलं. घरात देवीचे रोगी ठेवले आहेत असं भासवून सैनिकांना दूर ठेवल्याची कथा कुटुंबात सांगितली जाते. कथेचा पुरावा नाही, घर मात्र उभं आहे.

युद्धानंतर गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांचं अर्थकारण कोसळलं. घर तगलं ते जमिनीखालच्या फॉस्फेटमुळे. ॲशलीच्या खोऱ्यात खतासाठी लागणारं हे खनिज मुबलक सापडलं, आणि १८६०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे खाणकामाची लाट आली. इस्टेटीवर चर खणले गेले. मजूर मुख्यतः मुक्त झालेले कृष्णवर्णीय होते. त्या पैशातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घराची डागडुजी झाली, खोल्या रंगवल्या गेल्या, आणि पोर्टिकोच्या त्रिकोणी माथ्यावर खवल्यांच्या नक्षीचं आच्छादन बसलं. ते पॅलाडिओच्या गावीही नसलेलं, अस्सल व्हिक्टोरियन काम आहे. घराजवळ सात आसनांचं विटांचं शौचालय होतं, त्याचं याच काळात कचेरीत रूपांतर झालं.

निसर्गाने दोन घाव घातले. ३१ ऑगस्ट १८८६च्या चार्ल्स्टन भूकंपात धुण्याची बाजूची इमारत गेली. १८९३च्या चक्रीवादळात स्वयंपाकाची इमारत गेली. मधलं घर एकटं राहिलं, आणि आज छायाचित्रांत दिसतं ते हे एकटं घर. मूळ रचना तिघांची होती.

विसाव्या शतकात शार्लोटा ड्रेटन, घरातल्यांची ‘मिस चार्ली’, शहरात राहायची आणि हवा बरी असली की काही दिवस इथे येऊन राहायची. वीज नाही, पाण्याचा नळ नाही. घर आहे तसंच राहावं ही तिची इच्छा होती. १९६९ साली ती गेली. वारस पुतण्यांना एवढं घर सांभाळणं शक्य होईना, आणि चार्ल्स्टनभोवती वसाहती वाढत चालल्या होत्या. १९६०मध्येच घराला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळालेला असला, तरी त्या दर्जाने छप्पर दुरुस्त होत नाही. शेवटी नॅशनल ट्रस्ट, हिस्टॉरिक चार्ल्स्टन फाउंडेशन आणि राज्य सरकार यांच्या मदतीने १९७४चा व्यवहार झाला.

एक वर्ष निवडलं असतं तर

आता मूळ प्रश्नाकडे. समजा, ट्रस्टने रूढ वाट धरली असती. घर कोणत्या वर्षापर्यंत मागे न्यायचं? त्या काळची सर्वमान्य माहिती अशी होती की घर १७३८ ते १७४२ या काळात बांधलं गेलं. म्हणजे ‘१७४२’ हे उत्तर जवळजवळ तयारच होतं.

अलीकडे माळ्यावरच्या तुळयांच्या वलयांचा अभ्यास झाला. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय पडतं. त्यांच्या जाड-बारीकपणाचा क्रम त्या प्रदेशातल्या ज्ञात क्रमाशी जुळवला की ते झाड कधी तोडलं हे हंगामासह सांगता येतं. या तुळया १७४७-४८च्या हिवाळ्यात तोडलेल्या झाडांच्या निघाल्या. म्हणजे १७४२ साली या घरावर छप्पर नव्हतं. घर राहण्याजोगं झालं ते १७५०च्या दशकाच्या सुरुवातीला. ट्रस्टने ‘१७४२चं घर’ पुन्हा घडवलं असतं, तर कधीच अस्तित्वात नसलेलं घर लोकांना दाखवलं असतं. आणि कदाचित त्या कामात जुन्या तुळया बदलल्या गेल्या असत्या, तर चूक दाखवणारा पुरावाही नाहीसा झाला असता.

दुसरं उदाहरण बाजूच्या इमारतींचं. पुढे १७६५चं एक जलरंगातलं चित्र अभ्यासकांपुढे आलं. त्यात मुख्य घर आणि बाजूच्या इमारती खांबांच्या रांगेने जोडलेल्या दिसतात. सत्तरच्या दशकात कुणी हौसेने त्या दोन इमारती पुन्हा उभ्या केल्या असत्या, तर त्या अशा जोडलेल्या नसत्या, आणि नव्या पायाखाली जुने पाये खणून निघाले असते. जमिनीतला पुरावा एकदाच खणता येतो. न खणलेली जमीन पुढच्या पिढीच्या चांगल्या अवजारांसाठी शिल्लक राहते. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे. १९७४ साली माणसांना जे माहीत होतं, त्यावर घर कायमचं बेतलं गेलं नाही.

खोल्या रिकाम्या ठेवण्याविषयी मात्र तक्रार होते. पाहायला आलेले लोक पलंग, झुंबर, जेवणाचं टेबल शोधतात. पण सामान नसल्याने जे दिसतं ते एरवी दिसलंच नसतं. एका दाराच्या चौकटीवर कुटुंबातल्या मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या. कुत्र्याची उंचीसुद्धा नोंदवलेली आहे. ‘१७४२’ करायचं ठरलं असतं तर पहिल्या आठवड्यात ती चौकट खरवडली गेली असती. फॉस्फेटच्या पैशाचा रंग गेला असता, माथ्यावरची खवल्यांची नक्षी गेली असती, चार्ल्सने बदललेल्या शेकोट्या गेल्या असत्या.

‘काही न करणं’ स्वस्त आहे असं मात्र कुणी समजू नये. वातानुकूलन नाही, त्यामुळे दमटपणा, वाळवी, उन्हाने फिका होणारा रंग, गिलाव्याचं वजन, या प्रत्येकावर सतत नजर ठेवावी लागते. एखादी फळी बदलायची झाली तरी ती शेवटचा उपाय म्हणून, आणि बदल ओळखू येईल असा नोंदवून. १९८९च्या ह्यूगो चक्रीवादळाने आवारातली असंख्य झाडं पाडली, पण घर फारसं दुखावलं नाही. २०१५पासून ड्रेटन हॉल प्रिझर्व्हेशन ट्रस्ट ही स्वतंत्र संस्था इथला कारभार पाहते.

जे उभं राहिलंच नाही

इथे या निर्णयाची मर्यादा येते, आणि ती कबूल केल्याशिवाय त्याची स्तुती करणं मला बरोबर वाटत नाही. ‘जे आहे ते तसंच ठेवा’ हा नियम न्याय्य वाटतो, पण जे शिल्लक राहिलं ते न्यायाने राहिलेलं नाही. मालकाचं घर विटांचं, पोर्टलंडच्या दगडाचं, सायप्रसचं. गुलाम माणसांच्या झोपड्या लाकडामातीच्या. त्या कुजल्या, वाहून गेल्या, त्यांच्या जागेवर झाडं वाढली. फक्त उभ्या वास्तूचं जतन केलं, तर गोष्ट आपोआप मालकाचीच सांगितली जाते. विटा भाजणारे, रंधा मारणारे, खांब चढवणारे यांची नावं आराखड्यावर नाहीत.

म्हणून या इस्टेटीवर घराइतकंच महत्त्वाचं ठिकाण म्हणजे झाडीतला दफनभूमीचा तुकडा. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इथल्या गुलामांना, आणि नंतर मुक्त झालेल्यांच्या वंशजांना, तिथे मूठमाती मिळाली. बऱ्याच थडग्यांवर दगड नाहीत, जमिनीतल्या खोलगट खुणांवरून ती ओळखावी लागतात. रिचमंड बोवेन्स (१९०८–१९९८) यांचे पूर्वज ड्रेटनांबरोबर बार्बाडोसहून आले असं त्यांच्या कुटुंबात पिढ्यानपिढ्या सांगितलं जात होतं. त्यांचं बालपण याच जमिनीवर गेलं. उतारवयात ते फाटकाजवळ बसून येणाऱ्यांना इथल्या काळ्या कुटुंबांविषयी सांगायचे, आणि त्यांच्या आठवणी नोंदवल्या गेल्या. कुणाचं घर कुठे होतं, कोण कुणाचं कोण, हे ड्रेटनांच्या कागदांत मिळत नव्हतं. ते बोवेन्स यांच्याकडून मिळालं.

दफनभूमी साफसूफ करून हिरवळ लावायची का, असा प्रश्न आला तेव्हा बोवेन्स यांचं म्हणणं होतं की त्यांना निजू द्या. झाडी तशीच ठेवली गेली. त्यांचेच शब्द आज तिथल्या लोखंडी कमानीवर आहेत, आणि तेही तिथेच पुरलेले आहेत. घराबाबत तज्ज्ञांनी घेतलेला आणि दफनभूमीबाबत एका वंशजाने घेतलेला निर्णय एकच निघाला, पण मला दुसऱ्याचं वजन जास्त वाटतं, कारण ती त्यांची स्वतःची माणसं होती.

उत्खननात घराभोवती उंची चिनी मातीच्या भांड्यांच्या खापऱ्यांबरोबर साधी, हाताने वळलेली, चाकाविना घडवलेली भांडीही सापडली आहेत. अभ्यासक त्यांना ‘कोलोनोवेअर’ म्हणतात. ती गुलाम आफ्रिकी आणि स्थानिक मूलनिवासी माणसांच्या हातची मानली जातात. काचेच्या कपाटात चिनी बशी आधी नजरेत भरते. ज्यांच्या राहत्या घरांचा एक वासाही उरलेला नाही, त्यांच्या चुलीवरची ही खापरी तिच्या शेजारी त्याच उंचीवर, तेवढ्याच उजेडात मांडली पाहिजे, आणि इस्टेटीवर पुढचं उत्खनन होईल ते आधी त्यांच्या वस्तीच्या जागांवर झालं पाहिजे.